प्रोत्साहन निधीतून स्थानिक कामे प्रत्यक्षात कशी उभी राहतात?

प्रश्न : उत्सुक

मंदीच्या काळात सरकार आर्थिक प्रोत्साहनाचे पॅकेज जाहीर करते, तेव्हा बातम्यांत मोठमोठे आकडे झळकतात; परंतु त्यांपैकी एखाद्या लहान शहराच्या जलवाहिनीपर्यंत, वाचनालयापर्यंत किंवा आरोग्य केंद्रापर्यंत नेमके काय पोहोचते आणि कोणत्या वाटेने पोहोचते, हे त्या बातम्यांतून उलगडत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मागणी वाढते, रोजगार वाढतो, असे सिद्धान्ताच्या पातळीवरचे विवेचन मिळते, पण माझी शंका त्याहून साधी आहे. राष्ट्रीय पातळीवर मंजूर झालेला पैसा स्थानिक संस्थेच्या खात्यात कसा येतो? सर्वसामान्यांच्या उपयोगाची लहान कामे त्यातून खरोखर होतात, की बहुतेक पैसा महामार्गांवरच खर्ची पडतो? आणि निधी संपल्यावर त्या कामांचे पुढे काय होते? जाणकारांनी प्रत्यक्ष उदाहरणांसह लिहिल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद : ताळेबंद

आपण विचारलेल्या वाटा एकाहून अधिक आहेत आणि त्या वेगवेगळ्या पाहिल्याशिवाय चित्र स्पष्ट होत नाही. अमेरिकेचा २००९ सालचा पुनरुज्जीवन कायदा हे सर्वांत तपशीलवार नोंदले गेलेले उदाहरण असल्याने तेच घेतो. १७ फेब्रुवारी २००९ रोजी त्यावर स्वाक्षरी झाली, तेव्हा त्याचा आकार सुमारे ७८७ अब्ज डॉलर सांगितला गेला. हा सगळा पैसा रस्ते-पुलांसाठी होता असा समज अजूनही आढळतो, परंतु त्यातला मोठा भाग करसवलतींचा होता, दुसरा मोठा भाग राज्यांच्या आरोग्य आणि शिक्षण खर्चाला आधार देण्याचा होता आणि बांधकामाचा वाटा त्या मानाने मर्यादित होता. महामार्गांसाठी सुमारे २७.५ अब्ज डॉलर होते, तर सांडपाण्याच्या कामांसाठी ४ अब्ज आणि पिण्याच्या पाण्यासाठी २ अब्ज.

पाण्याचे हे ६ अब्ज कोणत्या मार्गाने गेले, ते पाहण्यासारखे आहे. तिथे प्रत्येक राज्याकडे एक फिरता कर्जनिधी आधीपासून होता. त्यातून नगरपालिकांना कमी व्याजाने कर्ज मिळते आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढच्या गावाला कर्ज दिले जाते. प्रोत्साहनाचा पैसा याच निधीत ओतण्यात आला, मात्र दोन अटींसह. किमान निम्मी रक्कम कर्जमाफी किंवा अनुदान यांसारख्या सवलतीच्या स्वरूपात द्यायची, आणि सर्व कामांचे करार वर्षभराच्या आत व्हायला हवेत. कर्ज फेडण्याची ऐपत नसल्यामुळे जी लहान गावे एरवी या योजनेकडे फिरकतही नसत, त्यांना पहिल्या अटीमुळे दार उघडले. दुसऱ्या अटीचा परिणाम वेगळा झाला, पण त्यावर इथल्या अभियंता मंडळींनी लिहिलेले बरे.

ज्याची बातमी होत नाही अशा एका गोष्टीचा उल्लेख करणे मला अत्यंत आवश्यक वाटते. अमेरिकेतील जवळजवळ सर्व राज्यांना आपला अर्थसंकल्प समतोल ठेवण्याचे बंधन आहे. मंदीत कराचे उत्पन्न घटले की त्यांना खर्चाला कात्री लावावी लागते, आणि ही कात्री सर्वांत आधी देखभाल-दुरुस्ती, वाचनालयांच्या वेळा आणि रिक्त पदे यांवर चालते. त्यामुळे केंद्राकडून आलेल्या पैशाने एखादी नवी वास्तू उभी राहिली नाही, तरी जे आहे ते बंद पडले नाही, हा त्याचा फार मोठा लाभ असतो. मार्च २०२१ मधील १.९ लाख कोटी डॉलरच्या पॅकेजमध्ये ३५० अब्ज डॉलर थेट राज्ये, परगणे, शहरे आणि लहान गावे यांच्यासाठी वेगळे काढले होते. पाणी, सांडपाणी आणि इंटरनेट जोडण्यांबरोबरच बुडालेल्या महसुलाच्या भरपाईसाठीही ते वापरता येत होते. लहान संस्थांकडे महसूल किती बुडाला याचा हिशेब मांडायला माणसेच नव्हती. म्हणून पुढे अंतिम नियमांत अशी सोय केली गेली की, मिळालेल्या रकमेच्या मर्यादेत १ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम हिशेब न मांडताही बुडालेला महसूल म्हणून धरता यावी. कागदोपत्री किरकोळ वाटणाऱ्या या तरतुदीने लहान गावांसाठी जे साधले, ते मोठमोठ्या घोषणांनीही साधले नसते, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : आराखडा

‘ताळेबंद’ यांनी ज्या वर्षभराच्या अटीचा उल्लेख केला, तिथेच या विषयाचे मर्म आहे. प्रोत्साहन निधी हा मुदतीचा पैसा असतो. मंदी असेतोवर तो बाजारात यावा हाच त्याचा हेतू असल्याने ‘लगेच सुरू करता येतील अशी कामे द्या’ असा आदेश येतो आणि सगळी कार्यालये आपापली कपाटे उघडतात.

अशा कपाटातून निघणारी फाईल कशी असते, हे मी अनेकदा पाहिले आहे. समजा, ती जुनी जलवाहिनी बदलण्याची आहे. वर प्रशासकीय मान्यतेचे पत्र असते, त्याखाली नकाशा, त्याखाली अंदाजपत्रक, आणि वरवर पाहता सर्व तयार दिसते. मग लक्षात येते की अंदाजपत्रक जुन्या दरसूचीप्रमाणे केलेले आहे, त्यामुळे त्या रकमेत आज एकही कंत्राटदार निविदा भरणार नाही. नकाशा काढला तेव्हा रस्त्याची पातळी वेगळी होती; त्यानंतर त्यावर डांबराचे थर चढले आणि शेजारून दूरसंचार केबल गेली, तिची नोंद नकाशात नाही. चाचणी खड्डे घेतलेले नाहीत, म्हणजे खाली मुरूम लागणार की कातळ, हे कोणालाच ठाऊक नाही. रेल्वेरुळांखालून जाण्यासाठी घेतलेल्या ना-हरकत दाखल्याची मुदत उलटून गेली आहे. या चार गोष्टी निस्तरण्यात वर्ष सहज जाते, आणि तोवर निधी व्यपगत होण्याची, म्हणजे न वापरल्यामुळे रद्द होण्याची, तारीख समोर येऊन ठेपते. कामे तयार असण्याविषयीची ही अडचण २०१० साली खुद्द बराक ओबामा यांनीही जाहीर मुलाखतीत मान्य केली होती.

याचा परिणाम असा होतो की, ज्याला भूसंपादन लागत नाही आणि ज्याचे सर्वेक्षण सोपे आहे, ते काम पुढे सरकते. २००९ च्या महामार्ग निधीतील राज्यांच्या वाट्याची निम्मी रक्कम १२० दिवसांत कामांसाठी निश्चित करण्याची अट होती; साहजिकच त्यातला मोठा हिस्सा आधीपासून अस्तित्वात असलेल्या रस्त्यांच्या पृष्ठभागाचे नूतनीकरण करण्यात गेला. यावर ‘नुसते डांबर ओतले’ अशी टीका झाली. ती मला पूर्णपणे पटत नाही, कारण वेळेवर केलेले नूतनीकरण रस्त्याचे आयुष्य वाढवते आणि पुढचा पुनर्बांधणीचा खर्च टाळते. मात्र ज्या वस्तीला रस्ताच नाही तिला यातून काही मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

वेग आणि गुणवत्ता यांची ही ओढाताण फार जुनी आहे. १९३३ साली अमेरिकेत ३.३ अब्ज डॉलरचे सार्वजनिक बांधकाम प्रशासन स्थापन झाले आणि त्याची सूत्रे हॅरॉल्ड इकीस यांच्याकडे होती. ते प्रत्येक प्रस्ताव कसोशीने तपासत असत. स्थानिक संस्थांना सुरुवातीला मजुरी आणि साहित्याच्या खर्चाच्या ३० टक्के अनुदान मिळे, पुढे ते ४५ टक्के झाले, आणि उरलेली रक्कम त्यांना कर्जातून किंवा स्वतःच्या तिजोरीतून उभी करावी लागे. कामे भक्कम झाली, पण हिवाळा तोंडावर आला तरी पैसा बाजारात येईना. तेव्हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हॅरी हॉपकिन्स यांच्या हाती दुसरा कार्यक्रम देण्यात आला, ज्याने जानेवारीच्या मध्यापर्यंत ४० लाखांहून अधिक लोकांना कामावर घेतले. रस्त्यांची डागडुजी, शाळांची दुरुस्ती, मैदाने, गटारे अशी ती कामे होती. मार्च १९३४ अखेर तो कार्यक्रम बंद झाला. पुलासाठी इकीस यांची पद्धत हवी आणि गटारासाठी हॉपकिन्स यांची. जिथे दोन्ही कामांना एकच नियमावली लावली जाते, तिथे एकतर गटार रखडते, नाहीतर पूल कच्चा होतो.

प्रतिसाद : लोकसहभाग

वरील दोन्ही प्रतिसाद बांधकामाविषयी आहेत. मी सामुदायिक वास्तूंविषयी लिहितो. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये शाळांच्या बांधकामासाठी जो कार्यक्रम हाती घेतला, त्याचा खर्च १६.२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला. सभागृहे, वाचनालये आणि वर्गखोल्या देशभर बांधल्या गेल्या. शाळा निवडण्यामागचे कारण सयुक्तिक होते : जमीन आधीच सरकारच्या किंवा संस्थेच्या ताब्यात असते, प्रत्येक वस्तीत शाळा असते, आणि त्यामुळे स्थानिक गवंडी, सुतार, वीजतंत्री यांच्या हाताला घराजवळ काम मिळते.

तक्रारी झाल्यावर त्याची चौकशी करण्यासाठी कृतिदल नेमण्यात आले. त्याचे निष्कर्ष मला फार बोलके वाटतात. न्यू साउथ वेल्स राज्यातील सरकारी शाळांच्या इमारतींना तिथल्याच कॅथलिक शाळांच्या तुलनेत प्रति चौरस मीटर बराच अधिक खर्च आला होता. सरकारी शाळांची कामे केंद्रीभूत पद्धतीने, ठरावीक नमुना आराखड्यांवरून आणि मोठ्या व्यवस्थापन कंत्राटदारांमार्फत झाली. कॅथलिक शाळांच्या बाबतीत मात्र निर्णय वापरणाऱ्यांच्या अधिक जवळ घेतले गेले होते. वस्तीला विचारण्यात वेळ वाया जातो, हा युक्तिवाद घाईच्या काळात हमखास केला जातो. या अनुभवासमोर तो टिकत नाही.

त्याच देशाच्या त्याच पॅकेजमधील घरांच्या छतांना उष्णतारोधक थर बसवण्याच्या योजनेबद्दलही सांगायलाच हवे. पैसा इतक्या झपाट्याने आला की अननुभवी लोक या व्यवसायात उतरले, प्रशिक्षण आणि देखरेख अपुरी पडली, आणि चार तरुण कामगारांचा जीव गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना थांबवावी लागली. प्रोत्साहन निधीच्या चर्चेत खर्चाचा वेग मोजला जातो, पण देखरेखीसाठी निरीक्षक किती आहेत हे मोजले जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पुन्हा प्रश्न : उत्सुक

सर्वांचे आभार. एक शंका उरते. वरून आलेल्या पैशातून रस्ता झाला आणि स्थानिक संस्थेने त्यासाठी राखून ठेवलेला स्वतःचा पैसा दुसरीकडे वळवला, तर प्रोत्साहनाचा उपयोग काय झाला? शिवाय, नवे आरोग्य केंद्र उभे राहिल्यावर परिचारिकेचा पगार कोणी द्यायचा?

प्रतिसाद : ताळेबंद

पहिल्या शंकेची दखल कायद्यांतही घेतली गेली आहे. २००९ मध्ये राज्यांच्या राज्यपालांना असे प्रमाणपत्र द्यावे लागले की, वाहतुकीवरचा आपला नियोजित खर्च आम्ही कायम ठेवू. व्यवहारात ही अट पाळणे कठीण गेले, कारण महसूल आटल्यावर नियोजित खर्च टिकवायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न होताच. परंतु वळवलेला पैसा म्हणजे वाया गेलेला पैसा, हे गृहीत धरू नये. त्या रकमेतून शिक्षकांची कपात टळली असेल, तर मागणी टिकवण्याचा मूळ हेतू साधला गेलाच. हिशेब असा मांडावा : तो पैसा मंदीच्या काळात खर्च झाला की ठेव म्हणून पडून राहिला? पडून राहिला असेल, तर आपला आक्षेप रास्त आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. एकदाच येणाऱ्या पैशावर दरवर्षीचा खर्च बांधून घेऊ नये, हे वित्त विभागांत सर्वांना ठाऊक असते, तरीही उद्घाटनाच्या उत्साहात ते मागे पडते. २०२१ च्या निधीत रक्कम ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कामांसाठी बांधील करायची आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत खर्च करायची, असे वेळापत्रक होते. म्हणजे त्यातून नेमलेल्या माणसाचा पगार त्यानंतर स्वतःच्या उत्पन्नातून द्यावा लागणार, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. ज्या संस्थांनी हा पैसा गळक्या जलवाहिन्या, जुने पंप किंवा वीज खाणारे दिवे बदलण्यात घातला, त्यांचा वार्षिक खर्च उलट कमी होतो.

प्रतिसाद : आराखडा

याला जोडून नागरिक मंडळांना काय करता येईल, तेवढे लिहितो. पॅकेज जाहीर झाल्यावर मागण्यांचे निवेदन देण्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण तेव्हा आधीच तयार असलेल्या फायलींचीच निवड होते. पॅकेज नसताना स्थानिक संस्थेच्या अर्थसंकल्पात सर्वेक्षण, माती परीक्षण आणि आराखडे यांसाठी छोटी का होईना, पण वेगळी तरतूद आहे का, हे विचारावे; नसेल तर तिचा आग्रह धरावा. पुढच्या पाच वर्षांच्या कामांची प्राधान्ययादी सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावी आणि तिच्यातील अंदाजपत्रके दरवर्षी नव्या दरसूचीप्रमाणे सुधारली जातात की नाही, याचा पाठपुरावा करावा. प्रत्येक प्रस्तावासोबत वीज, पाणी, मनुष्यबळ आणि दुरुस्ती यांचा वार्षिक खर्च, आणि तो अर्थसंकल्पातील कोणत्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या सदरातून) भागवणार, हे एका स्वतंत्र पानावर मागावे. आरोग्य केंद्राच्या प्रस्तावात ते पान कोरे असेल, तर नव्या इमारतीऐवजी चालू केंद्राचे छत, शीतगृह आणि वीजजोडणी यांच्या दुरुस्तीचा प्रस्ताव त्याच फाईलला जोडून द्यावा. वाढीव पदे न मागता तो मंजूर होऊ शकतो आणि निधीच्या मुदतीत पूर्णही होतो.