अनुभव धागा: पोर आजारी होतं आणि शाळेच्या लक्षातच आलं नाही

गेल्या आठवड्यात आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एका आईने लिहिलं, "लेक तापाने फणफणलेला, साडेबारापासून बाकावर डोकं टेकून पडला होता. कुणी साधा फोन केला नाही." त्यावर पाच-सहा हात जोडलेल्या बाहुल्या आल्या, मग कुणीतरी सहलीचे पैसे कधीपर्यंत भरायचे ते विचारलं आणि विषय संपला. म्हणून हा धागा. तुमच्यावर असं काही गुदरलं असेल तर लिहा. शाळेचं नाव नको. काय झालं, तुम्ही काय केलंत, कशाचा उपयोग झाला आणि कशाने उलटं झालं, एवढंच हवंय. सुरुवात मी करते.

ठाणे, दमा असलेल्या मुलाची आई (धागा मीच काढलाय)

चिरंजीव तेव्हा तिसरीत. निळा पंप शाळेत दिलेला होता, पण "औषधं मुलांजवळ नकोत" या नियमाने तो ऑफिसच्या कपाटात गेला. डिसेंबरात क्रीडादिनाचा सराव, मैदानभर धूळ. याला दम लागला. सरांना वाटलं, पळायला नको म्हणून खोकतोय. शेवटी बाईंनी ऑफिसात नेलं, तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या अर्ध्या दिवसाच्या रजेवर. शिपाईकाका जुडगा घेऊन आले. घरी येऊन लेक म्हणाला, "काका एकेक किल्ली लावत होते आणि मी मोजत होतो. अकरावी लागली."

ते ऐकलं आणि माझा तोल गेला. फोनवर आरडाओरडा केला, रात्री ग्रुपवर पानभर लिहिलं. परिणाम काय? शाळा घाबरली. दुसऱ्या दिवसापासून "रिस्क नको" म्हणून त्याला सगळ्या खेळांतून बाजूला बसवलं. दोन महिने तो कट्ट्यावर बसून इतरांचे दप्तर सांभाळत होता. भांडण माझं, शिक्षा त्याला.

जानेवारीत शहाणपण सुचलं. आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून एक पान लिहून घेतलं: दम लागल्यावर कसा दिसतो, पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून कसा द्यायचा, किती वेळात उतार पडला नाही तर थेट दवाखाना, फोन कुणाला. वर त्याचा फोटो. एक पंप त्याच्या दप्तरात, दुसरा वर्गातल्या टेबलाच्या खणात, कुलूप नाही. आणि पंप कसा द्यायचा ते चौघांना स्वतः जाऊन दाखवलं: वर्गबाई, पी.टी.चे सर, बसमधल्या ताई, शिपाईकाका. सगळ्यांत आधी शिकले ते काका. मुख्याध्यापकांना सांगून आपलं काम झालं असं मी समजत होते. दम लागतो तेव्हा मुख्याध्यापक शेजारी नसतात.

पुणे, टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलीची आई

मुलगी सातवीत. सातव्या वर्षापासून इन्सुलिनवर. शाळेला माहीत होतं, म्हणजे फॉर्मवर लिहिलेलं होतं. इतिहासाच्या नव्या बाईंना माहीत नव्हतं. तासाला हिने ग्लुकोजची पुडी काढली, बाईंनी "तासाला खायचं नाही" म्हणून ती टेबलावर ठेवून घेतली. हिने सांगितलं, पण साखर उतरली की हिला शब्द सापडत नाहीत, चिडचिड होते. उद्धट ठरली. मग "जा, सिकरूममध्ये जा" म्हणून एकटीला पाठवलं. तीन जिने. दुसऱ्या जिन्यावर ती बसून राहिली. आठवीतल्या एका मुलीने पाहिलं म्हणून बरं. साखर मोजली तेव्हा 54.

हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, आपलं मूल मधुमेही नसलं तरी: साखर उतरलेल्या मुलाला एकटं कुठेही पाठवायचं नाही. जिथे आहे तिथेच बसवायचं, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. 70 च्या वर आली की मग बिस्किट, पोळी, काय ते. आधी बिस्किट देऊ नका, ते हळूहळू चढतं. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ग्लुकॅगॉनचं (साखर वर आणणारं) इंजेक्शन जवळ असेल तर ते, आणि लगेच दवाखाना.

मी ओरडले नाही (आतून खूप ओरडले). सीबीएसईने 2017 मध्येच टाइप 1 च्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या, फळं, पाण्याची बाटली आत नेऊ दिली आहे. 2023 मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने सगळ्या राज्यांना लिहिलं की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधलं खाणं खाऊ द्या. दोन्हींच्या प्रती काढल्या, अर्जाला जोडल्या आणि ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. आवक क्रमांकासह. तोंडी सांगितलेलं वर्गबाई बदलल्या की संपतं. शिक्का असला की पुढच्या वर्षीच्या बाईंनाही तो कागद वाचावा लागतो.

चंद्रपूर जिल्हा, वडील

माझ्या मुलाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, एसएस पॅटर्न (नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजार). आमच्या भागात हा आजार नवा नाही, पण नवे आलेले सर बाहेरचे. उशीर झाला म्हणून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या, एप्रिलमध्ये. पाणी नाही. रात्री हातपाय इतके दुखायला लागले की तो भिंतीवर डोकं आपटत होता. चार दिवस जिल्हा रुग्णालयात, सलाइनवर.

मी शाळेत गेलो तर सर म्हणाले, दिसतो तर ठणठणीत. यात त्यांची चूक आहे आणि नाहीही. या पोरांचं दुखणं दिसतच नाही. माझ्या बोलण्याला वजन नाही हे मला कळलं, म्हणून उपकेंद्रातल्या सिस्टरला आणि आशाताईला सोबत नेलं. सिस्टरने परिपाठानंतर सगळ्या शिक्षकांना दहा मिनिटं सांगितलं: पाणी कमी पडलं, थंडी लागली, फार दमला की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, हेही तिनेच सांगितलं. मलाही तोवर माहीत नव्हतं. आता बाटली बाकावर असते आणि लघवीला कधीही जायची परवानगी. सरांनी माफी मागितली नाही. पण परवा शाळेत आलेल्या आरोग्य तपासणी पथकाला त्यांनीच आणखी दोन पोरांची नावं दिली.

कोल्हापूर, शिक्षक, बावीस वर्षं नोकरी

वाचून मान खाली गेली, तरी आमची बाजू ऐका. माझ्या वर्गात 61 पोरं. औषध द्यायचं म्हटलं की हात थरथरतो, काही झालं तर सगळे आमच्याच गळ्यात पडतात. आणि पालक लपवतात हो! फिट येतात हे तर हमखास लपवतात, मुलगी असेल तर जास्तच. "उद्या लग्नाचं बघताना अडचण नको." पाचवीतल्या मुलीला माझ्या तासाला फिट आली. मी काय केलं? डब्यातला कांदा फोडून नाकाला लावला, हातात किल्ल्या दिल्या, चौघांनी हातपाय दाबून धरले. सगळं चूक. संध्याकाळी आई आली ती म्हणाली, "अधूनमधून येतं असं." अधूनमधून!

मग आमच्या गावच्या डॉक्टरांनी शिकवलं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात चमचा-बिमचा काही नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा. एवढंच. हे जर जूनमध्ये कुणी सांगितलं असतं तर त्या पोरीच्या दंडावर वळ उठले नसते.

छत्रपती संभाजीनगर, आई

वरच्या सरांसाठी: प्रत्येक फिट हातपाय झाडणारी नसते. माझ्या धाकटीच्या प्रगतिपुस्तकात दोन वर्षं एकच शेरा होता, "वर्गात लक्ष नसते." आम्हीही तिला रागावत होतो. न्यूरॉलॉजिस्टने तिच्या हातात कागदाची भिंगरी दिली आणि म्हणाले, फुंकत राहा. दीड-दोन मिनिटांनी भिंगरी थांबली. लेक भिंगरीकडे बघत होती पण बघत नव्हती. दहा सेकंदांनी परत फुंकायला लागली, जणू मध्ये काही झालंच नाही. दिवसातून कितीतरी वेळा असं होत होतं. औषध सुरू झालं, शेरा बदलला. बाईंना दोष देणार नाही. त्यांना ते दिसलं होतं, त्यांनी लिहिलंही होतं. वाचायचं कसं ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

नागपूर, वडील

मी वेगळं सांगतो, गोड नाही.

सहामाहीचा गणिताचा पेपर. मुलगा म्हणाला, बेंबीपाशी दुखतंय. मी म्हणालो, अभ्यास झाला नाही की दुखतंच. शाळेत दोनदा उठून सांगितलं, तर पर्यवेक्षिका सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नाटकं बंद." उजवीकडे खाली दुखणं सरकलं, ओकारी झाली, तीही त्याने स्वतःच पुसली. संध्याकाळी ऑपरेशन. अपेंडिक्स फुटलं होतं.

मी तक्रार केली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक छळालाही मनाई करतं. शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी दिलं, तीन खेपा घातल्या, सुनावणी झाली, शाळेने खुलासा दिला. पर्यवेक्षिकांना समज दिली म्हणे. मुलाशी पुढे कुणी वाईट वागलं नाही, फक्त कुणी बोलेनासंच झालं. हात वर केला तरी विचारायचे नाहीत. वर्ष संपल्यावर शाळा बदलली. तक्रार करू नका असं मी म्हणणार नाही. पण करताना मुलाला विचारा. मी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या तक्रारीतला निम्मा राग माझा माझ्यावरच होता. सकाळी सात वाजता "नाटकं" हा शब्द नसेल, पण अर्थ तोच मीही काढला होता.

लेस्टर, इंग्लंड, आई

इकडे सगळं आलबेल असतं असा समज आहे म्हणून लिहिते. कायद्याने 2014 पासून शाळेवर जबाबदारी आहे, मुलाच्या आजाराचा आराखडा शाळा, पालक, नर्स मिळून करतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून शाळांना दम्याचा जादा पंप स्वतः ठेवता येतो. उत्तम. आमचाही आराखडा होता, रंगीत. शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा. बदली शिक्षिका आल्या त्या दिवशी तो फाइलमध्ये होता आणि फाइल खालच्या मजल्यावर. लेकीने स्वतःच "मला हे चालत नाही" म्हणून केक परत केला म्हणून निभावलं. तेव्हापासून मी तिलाच तयार करते. घरी मी बदली शिक्षिका होते, ती मला सांगते. मराठीत सुरू करते आणि घाईत इंग्रजीत जाते, ते चालतं.

रत्नागिरी, आजी

मी जुन्या वळणाची, पण एक विचारते. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस कशाला देता? आमच्या नातवाने त्यापायी ताप लपवला. डेंगी निघाला. ताप उतरला म्हणून सून पुन्हा शाळेत धाडत होती, डॉक्टर म्हणाले, याच दोन दिवसांत जपायचं असतं, ताप उतरताना. प्रशस्तिपत्र चुकलं म्हणून पोर रडलं. मी पालकसभेत उठून बोलले. मुख्याध्यापक हसले, पण यंदा ते बक्षीस नाहीये.

ठाणे (धागाकर्ती)

आजी, तुम्हाला दंडवत! कोल्हापूरच्या सरांना एक विनंती: जूनमध्ये पालकांकडून काय लिहून घ्यायला हवं, ते तुम्हीच सांगा ना.

कोल्हापूर, शिक्षक

सांगतो. त्या मुलीच्या प्रसंगानंतर मी आपणहून एक पान काढलंय, प्रवेशाच्या फॉर्मपेक्षा निराळं. ते बंद पाकिटात घेतो, माझ्याकडेच राहतं, वर्गात वाचून दाखवत नाही, हे आधीच सांगतो. म्हणून लोक लिहितात. आजाराचं नाव, औषध, फोन हे असतंच. पण खरा उपयोग शेवटच्या प्रश्नाचा होतो: "बरं वाटत नसताना तुमचं मूल काय बोलतं, कसं वागतं?"

यंदाची दोन उत्तरं. एका आईने लिहिलंय, "साखर उतरली की 'मला कंटाळा आला' म्हणते. कंटाळा हा शब्द ऐकला की आधी साखर द्या, मग रागवा." आणि एका बापाने, शाई पसरलेल्या अक्षरात: "पोटात दुखलं तरी सांगत नाही. डबा न उघडता परत आणतो. मधल्या सुट्टीत डबा तेवढा बघा."

मी रोज बघतो आता. त्याचाही, आणि त्याच्या बाकावरच्या पोरांचाही.