अनुभव धागा : शेवट आधीच ठाऊक असलेलं पुस्तक

'हंगर गेम्स' मालिकेतल्या हेमिचचं पुढे काय होतं हे मला हॉस्टेलच्या दिवसांपासून ठाऊक होतं. पन्नासावे खेळ जिंकून तो घरी येतो आणि दोन आठवड्यांत त्याची आई, धाकटा भाऊ आणि मैत्रीण, तिघंही मारली जातात. 'मॉकिंगजे' या तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे २०१० सालीच, तो हे दोन-तीन वाक्यांत सांगून मोकळा होतो. तरीही सुझान कॉलिन्स यांची 'सनराइज ऑन द रीपिंग' वाचताना शेवटच्या प्रकरणांपाशी मला बसवेना. पुस्तक हातात धरून मी घरभर फिरत होते. पान उलटलं नाही तर ती पोरं वाचतील, असं काहीतरी वाटत होतं.

ज्यांनी मूळ पुस्तकं खूप आधी वाचलीत त्यांच्यासाठी थोडी उजळणी. पॅनेम नावाचा देश, राजधानी कॅपिटॉल, आणि तिच्या टाचेखाली १२ विभाग. दरवर्षी चिठ्ठ्या काढून प्रत्येक विभागातली १२ ते १८ वयाची एक मुलगी आणि एक मुलगा रिंगणात धाडायचा, एक उरेपर्यंत मारामारी, आणि हे सगळं टीव्हीवर. मूळ पुस्तकांची नायिका कॅटनिस, तिची गोष्ट ७४व्या खेळांपासून सुरू होते. मार्च २०२५ मध्ये आलेलं हे पुस्तक त्याच्या २४ वर्षं मागे जातं. पन्नासावं वर्ष म्हणून मुलं दुप्पट, ४८. हेमिचला निवडीच्या दिवशीच सोळावं लागतं.

पहिल्या पुस्तकात हाच हेमिच दारूच्या नशेत व्यासपीठावरून खाली कोसळतो. तेव्हा मी हसले होते. रूममेटला मुद्दाम तो उतारा वाचून दाखवला होता. ते हसणं आता मला सलतं, म्हणून हा धागा काढते आहे. तुम्ही हे पुस्तक कसं वाचलंत? आणि वाचून झाल्यावर कोणाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलंत? पुस्तकातल्या किंवा आपल्या घरातल्या, कोणाहीबद्दल लिहा. ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं उघड होणार आहे.

* * *

मी मुंबईत व्हिडिओ एडिटर आहे. स्पर्धांचे कार्यक्रम बारा वर्षं कापतो आहे.

माझा श्वास पहिल्याच मोठ्या प्रसंगात अडकला. आधी दुसऱ्याच मुलाचं नाव निघतं. तो पळतो, त्याला सगळ्यांसमोर गोळी घालतात. त्याच्या आईच्या मदतीला हेमिचची मैत्रीण लेनोर डव्ह धावते, तिला वाचवायला हेमिच मध्ये पडतो, आणि मेलेल्या मुलाच्या जागी त्यालाच उभं करतात. मग गर्दीला पुन्हा शिस्तीत उभं करून निवड परत चित्रित होते. जणू पहिल्यांदाच चिठ्ठी निघाली आणि तीवर हेमिचचंच नाव होतं. देशानं हेच पाहायचं.

आमच्या भाषेत हा रीटेक. पुढे घरच्यांचा निरोप घ्यायची परवानगी मिळते, तीही कॅमेऱ्याला अश्रू हवेत म्हणून. 'रडणारा क्लोजअप मिळाला की सीन झाला' हे वाक्य मी स्वतः एडिट टेबलवर बोललो आहे, एकदा नव्हे. आई-मुलाची भेट होती. त्यांनी मिठी मारली, पण रडले नाहीत. मी दुसऱ्या दिवशीच्या फुटेजमधला आईचा डोळे पुसतानाचा शॉट उचलून तिथे लावला. ती डोळ्यांत धूळ गेली म्हणून पुसत होती. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि लुएला, हेमिचच्याच विभागातली मुलगी. रथाच्या अपघातात ती मरते, तर तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक मुलगी आणतात, तिला औषधं देऊन गुंगवतात आणि लुएलाच्याच नावानं रिंगणात सोडतात. कंटिन्युइटी राखायला एक जिवंत मूल वापरलं. त्या रात्री पुस्तक मिटून ठेवलं, चार दिवस उघडलं नाही.

* * *

एडिटरदादांचं वाचून राहवलं नाही. मी नववीला इंग्रजी शिकवते, नाशिक जिल्ह्यात. माझ्या वर्गातल्या सहा-सात मुलांनी हे पुस्तक आळीपाळीनं वाचलं. एकच प्रत होती, तिची पानं सुटायला आली आहेत.

मुलांनीच मला आठवण करून दिली की दुसऱ्या पुस्तकात कॅटनिस आणि तिचा साथीदार पीटा आगगाडीत याच पन्नासाव्या खेळांची चित्रफीत बघतात. आम्ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बसलो. चित्रफितीतला हेमिच हुशार, थोडा उद्धट, एकटा पुढे जाणारा. शेवटी एक मुलगी त्याच्यावर कुऱ्हाड फेकते, ती कड्याखालच्या अदृश्य भिंतीवर आपटून परत येते आणि तिलाच लागते. नव्या पुस्तकात कळतं की या पोरानं पाण्याची मोठी टाकी फोडून रिंगणाची यंत्रणाच बंद पाडायचा घाट घातला होता. आधीच्या खेळांचा विजेता बीटी, त्यानं योजना आखलेली, त्यासाठी बीटीचा कोवळा मुलगा अँपर्ट जीव देतो. चित्रफितीत यातलं अवाक्षर नाही.

एक मुलगी म्हणाली, "बाई, मग कॅटनिसनं पाहिलं ते खोटं होतं?" मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, "कुऱ्हाड खरी होती की. फक्त आधीचं काढून टाकलं."

मी त्यावर काही शिकवलं नाही. शिकवायला उरलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मुलांनी आपण होऊन स्नेहसंमेलनाचं मोबाइलवरचं चित्रण दोन प्रकारे कापून आणलं. एकात पडदा पाडणारा मुलगा खोडकर दिसतो. दुसऱ्यात दिसतं की दोरी आधीच तुटली होती आणि तो पडदा सावरायला धावला होता. त्या मुलाला मी तेव्हा सगळ्यांसमोर रागावले होते. वर्गातच त्याची माफी मागितली.

* * *

माझं लहानपण चंद्रपूरकडच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा भूमिगत खाणीत होते. आईच्या दोन बादल्या वेगळ्या असायच्या, बाबांच्या कपड्यांची एक आणि आमची एक. चुकून मिसळल्या की आमचे शाळेचे पांढरे सदरे करडे व्हायचे आणि आई दिवसभर बोलायची नाही.

हेमिचची आई कपडे धुऊन घर चालवते. खाणमजुरांच्या वस्तीत धुणं हे किती मोठं काम असतं, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला तो तपशील वाटेल. मला आईचे हात दिसले. रात्री बाबांना गोष्ट सांगत होते. ते इंग्रजी वाचत नाहीत. मध्येच त्यांनी विचारलं, "त्या पोराचा बाप कसा गेला?" मी म्हटलं, खाणीतल्या आगीत. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खालची आग लवकर विझत नाही बाई." आणि उठून गच्चीवर गेले. पुढची गोष्ट त्यांनी विचारली नाही, मीही सांगितली नाही.

* * *

मला पुस्तक आवडलं नाही. मूळ तिन्ही मला पाठ आहेत आणि २०२०ची स्नोवरची पूर्वकथा मी तीनदा वाचली आहे, म्हणून रागावून लिहिते आहे. त्या कथेत एका भावी हुकूमशहाचं डोकं आतून दिसतं, आणि आपण त्याच्या बाजूचे होत चाललोय हे कळून दचकायला होतं. इथे ओळखीची माणसं एकेक करून हजेरी लावतात. बीटी आला, मॅग्ज आली, वायरेस आली, प्लूटार्क कॅमेरा घेऊन आला, आणि शेवटी एफीसुद्धा. एवढ्या मोठ्या देशात सगळे आधीच एकमेकांना भेटलेले? शिवाय अमेरिकन कवी एडगर अॅलन पो यांची १८४५ची कावळ्याची कविता शेवटच्या भागात इतकी पेरली आहे की दुःख सलग वाटत नाही.

पण लेनोर डव्हचा मृत्यू मात्र डोक्यातून जात नाही. इतक्या दिवसांनी तो तिला भेटतो आणि जेलीची एक गोळी प्रेमानं तिच्या तोंडात घालतो. गोळीत विष असतं. स्नोनं त्याच्याच हातानं करवलं. पुस्तकावर माझा राग आहे, या पानावर नाही.

* * *

सांगलीहून लिहितोय. नातीनं वाचायला लावलं, वय ७१, त्यामुळे वेळ लागला.

लेखिकेनं सांगितलं आहे की तिला थीसियसची ग्रीक गोष्ट आठवली होती, अथेन्सनं सात मुलगे आणि सात मुली क्रीटच्या राक्षसासाठी पाठवायच्या. मला आपली एकचक्रा नगरी आठवली. बकासुराला रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि घरटी एक माणूस. गावानं ते पाळीपाळीनं चालवूनच घेतलेलं असतं. लहानपणी नातीला ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेन, आणि दरवेळी आम्ही दोघं भीम गाड्यावर बसून जेवायला लागतो तिथे टाळ्या वाजवायचो.

ती म्हणाली, "आजोबा, इथे भीम येतच नाही हो." मला उत्तर सुचलं नाही. मग लक्षात आलं की गोष्ट सांगताना मी कधी हे बोललोच नव्हतो की त्या ब्राह्मणाच्या घराआधी किती घरांची पाळी होऊन गेली होती.

* * *

शीर्षकाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. 'रीपिंग' म्हणजे ही चिठ्ठ्यांची निवड. लेनोर डव्ह हेमिचशी वाद घालते की आजवर दर निवडीच्या दिवशी सूर्य उगवला म्हणून पुढेही उगवेलच, याला पुरावा काय? हा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा प्रश्न. उद्या सूर्य उगवणार नाही या म्हणण्यात तार्किक विसंगती नाही, असं त्यानं १७४८मध्ये मांडलं. आम्हाला एम.ए.ला तो रुक्ष वाटायचा. एका सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडी तो असा येतो: खेळ नेहमी होत आले, म्हणून पुढेही होतीलच का? मरताना ती हेमिचकडून तेच वचन घेते. पुस्तकाच्या सुरुवातीलाही ह्यूमचं एक वाक्य आहे, थोडे लोक पुष्कळांवर किती सहज राज्य करतात याचं नवल करणारं. मी माझी जुनी टिपणं काढून पुन्हा वाचायला घेतली आहेत.

* * *

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना. पहिल्या चित्रपटातला बारावा विभाग आमच्यापासून गाडीनं तासाभरावर चित्रित झाला, हेन्री रिव्हर मिल व्हिलेज नावाच्या ओसाड वस्तीत. नवं पुस्तक वाचून मुलांना तिथे घेऊन गेलो. कामगारांची लाकडी घरं रांगेत उभी आहेत, रिकामी. मुलं फोटो काढत होती. मी लालबागचा. ही सुताच्या गिरणीची वस्ती होती हे फलकावर वाचलं आणि पुढे जाववेना. १९८२चा संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमच्या चाळीतही दुपारी असाच शुकशुकाट झाला होता, फक्त माणसं घरात होती.

* * *

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझे एक काका पितात. प्रत्येक लग्नात त्यांना कोणीतरी धरून बाहेर न्यायचं, आणि आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. नक्कल मीच सगळ्यांत छान करायचो. धागा काढणाऱ्या ताईंनी व्यासपीठावरून पडण्याचं लिहिलंय, ते वाचून हात थांबले.

काकांचं घर किल्लारीजवळ होतं एवढंच ठाऊक होतं. पुस्तक संपल्यावर आईला विचारलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ते लातूरला होते, विसर्जनाच्या बंदोबस्ताला. घरी काकू आणि मुलगी. आमच्या घरात त्या मुलीबद्दल कधी बोललेलं मी ऐकलं नाही. 'त्यांना त्रास नको' म्हणून सगळे गप्प राहिले, आणि दारूवर मात्र सगळे बोलत राहिले.

'मॉकिंगजे'च्या शेवटाकडे कॅटनिस आणि पीटा गेलेल्यांची एक वही करतात. हेमिच त्यात २३ वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत गेलेल्या मुलांबद्दल सांगतो. एवढी वर्षं त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मागच्या रविवारी काकांकडे गेलो. सकाळी गेलो, ते शुद्धीत असतात तेव्हा. सरळ विचारलं, ती कशी होती? त्यांनी आधी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग उठून चहा टाकला. चहा उकळून उकळून काळा झाला तरी गॅस बंद करेनात. म्हणाले, चार वर्षांची होती, चपला कायम उलट्या घालायची, डावी उजव्यात. सुलट करून दिल्या तर रडायची. मग म्हणाले, बस, अजून सांगतो.