धाकट्या भावाला दाखवायला शेअर बाजारावरचा कुठला सिनेमा चांगला?

गुहागरची_ताई
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. माझा धाकटा भाऊ गावी असतो, गुहागरजवळ, घरची सुपारीची बाग आहे, आणि बी.कॉम. झाल्यापासून गेलं दीड वर्ष तो मोबाईलवर ऑप्शन ट्रेडिंग करतोय, म्हणजे शेअरचा भाव पुढे चढेल की पडेल ह्यावरचे सौदे. गणपतीला गेले तेव्हा बघितलं, सकाळचे सव्वानऊ वाजले की हा फोन घेऊन विहिरीच्या कठड्यावर, कारण रेंज तिथेच येते. आई आरतीला हाका मारतेय आणि ह्याची नजर लाल-हिरव्या आकड्यांवरून हलत नाही. किती कमावलेस, किती घालवलेस विचारलं की म्हणतो ताई तुला त्यातलं कळत नाही. सिनेमे मात्र आवडीने बघतो, हर्षद मेहता ह्या शेअर दलालाच्या घोटाळ्यावरची स्कॅम १९९२ ही मालिका दोनदा बघून झालीये, रिंगटोनपण तीच. तर लेक्चर न देता त्याला ह्या दुनियेची खरी बाजू दिसेल असं काही सुचवा ना, इंग्रजी असलं तरी चालेल, दिवाळीत एकत्र बसून बघू.

हर्णैकर
द बिग शॉर्ट, डोळे मिटून. २०१५ चा. अमेरिकेत ज्यांना हप्ते झेपणार नव्हते त्यांनाही घरकर्जं वाटली, मग अशी हजारो कर्जं एकत्र बांधून त्यांचे बॉण्ड विकले, आणि त्यातला जो भाग कोणी घेईना तो गोळा करून त्याचं परत नवीन गाठोडं केलं, त्याला सीडीओ म्हणायचं, आणि त्याच्यावरही ट्रिपल ए चा, म्हणजे एकदम सुरक्षित असल्याचा शिक्का. हे सगळं बोलून समजत नाही, पण सिनेमात अँथनी बोर्डेन हा खराखुरा शेफ येतो आणि सांगतो की शुक्रवारी मागवलेला मासा खपला नाही तर मी फेकत नाही, रश्शात घालतो, म्हणजे तो शिळा मासा राहतच नाही, नवीन पदार्थ होतो! आपल्याकडच्या माणसाला ह्याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. माझी आई बंदरावर सुरमई घेताना कल्ला उघडून आत लाल आहे का बघते, बोटाने दाबते, खड्डा तसाच राहिला तर टोपलीकडे परत वळूनही बघत नाही. मायकल बरी ह्या डॉक्टरने तेच केलं, गाठोडं सोडून आतली कर्जं एकेक करून वाचली. आणि ते ट्रिपल ए चे शिक्के देणाऱ्या रेटिंग कंपनीतली बाई दाखवलीये ती डोळ्यांवर मोठा काळा चष्मा लावून बसलेली, ते चुकवू नका. पुढे दोन पोरं, ही कर्जं बुडणार ह्यावर पैज लावायचा सौदा जमला म्हणून नाचायला लागतात आणि ब्रॅड पिट त्यांना झापतो, की तुमचं खरं ठरलं म्हणजे लोकांची घरं जाणार, नोकऱ्या जाणार. तुमच्या भावाला हा सीन दाखवाच.

निवृत्त_कारकून
ताई, स्कॅम १९९२ मालिका म्हणून उत्तमच आहे, पण त्या वयाची मुलं त्यातून हर्षद मेहतांचा रुबाब उचलतात आणि बँक रिसीट विसरतात. मी तेव्हा चिपळुणात बँकेत होतो म्हणून सांगतो. रिसीट म्हणजे साधा कागद, सरकारी रोखे आमच्याकडे आहेत असं एका बँकेने दुसरीला लिहून द्यायचं. काही बँकांनी रोखे नसतानाच असे कागद दिले, त्यावर दुसऱ्या बँकांचे पैसे उचलले आणि ते शेअर बाजारात गेले. एसीसी ह्या सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव दोनशेच्या आसपासून नऊ हजारांवर गेला तो ह्या पैशाने. सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास आणि वर्षभरात त्याच्या निम्म्यावर. आमच्या आळीतल्या एका काकांनी मुलीच्या लग्नाचे पैसे मार्चमध्ये घातले होते. ती सर्टिफिकिटं त्यांनी पुढे कितीतरी वर्षं ट्रंकेत, पैठणीच्या घडीखाली ठेवलेली मी स्वतः पाहिलीयेत, कुठल्याही सिनेमात ती ट्रंक कोणी दाखवत नाही. भावाला परत बघायला लावा, पण ह्या वेळी विचारा की वरच्या भावाला घेतलं कोणी.

आणि शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचा २०२४ चा अहवालही दाखवा, तीन वर्षांत एफअँडओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या दर १०० सामान्य लोकांपैकी ९३ जणांना तोटा झालाय.

मालवणी_माणूस
माझो झील पण ह्याच करता. वाचतंय सगळा.

दाभोळ_धोपावे
मार्जिन कॉल बघा, २०११ चा. मारामारी नाही, पार्ट्या नाहीत, एका बँकेतली एक रात्र आणि दुसरा दिवस. एका पोराला हिशोब करता करता कळतं की कंपनीकडच्या मालाचा, म्हणजे तसल्याच घरकर्जांच्या गाठोड्यांचा भाव थोडा जरी पडला तरी तोटा कंपनीच्या एकूण किमतीपेक्षा मोठा होईल, आणि साहेब लोक ठरवतात की सकाळी बाजार उघडला की सगळा माल रोजच्या गिऱ्हाइकांनाच फोन करून विकून टाकायचा, भाव पडत गेला तरी. फोनच्या पलीकडचा माणूस आपण आहोत, हे मला ते बघताना पहिल्यांदा कळलं. पण माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच सीनमध्ये. नोकरीवरून काढलेला एक साहेब पायरीवर बसून सांगतो की मी आधी इंजिनिअर होतो, एक पूल बांधला होता, आणि त्या पुलाने लोकांचे किती मैल वाचले, किती वर्षं वाचली ह्याचा हिशोब तिथल्या तिथे तोंडी करतो. फेरीबोट नव्हती तेव्हा पलीकडे दिसणाऱ्या धोपाव्याला जायला आम्ही चिपळूणवरून वळसा घालायचो. खाडीकाठच्या माणसाला तो सीन कोणी समजवावा लागत नाही.

आंबेवाला_पावस
पेटी बाजारात जायच्या आधी, मोहोरावरच बागेचा सौदा आम्हीपण करतो, पण घेणारा बागेत येऊन झाड बघून जातो. तुमच्या भावाने समोरच्याला कधी बघितलंय का, एवढंच विचारा. हर्णैकरांना अनुमोदन.

गुहागरची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पडवीत लॅपटॉप लावून द बिग शॉर्ट बघितला. माशाच्या सीनला त्याने पॉज केलं, मागे नेऊन आईला बोलावून परत दाखवला, आई म्हणाली ह्या लोकांकडे मासे घ्यायला जाऊ नये. पुढचं मात्र गप्प बसून बघितलं. संपल्यावर उठला नाही, फोन काढला, ॲपमधला वर्षाचा हिशोब उघडून माझ्यासमोर धरला. ४१,६०० गेलेत. पहिल्यांदाच आकडा सांगितला त्याने. मार्जिन कॉल उद्या बघतोय, म्हणाला आईला आज झोपू दे, हे तिला मी सांगेन.