बॅटरीच्या पलीकडचा प्रश्न

सूर्य मावळला की सौरवीज थांबते, त्यावर 'बॅटऱ्या बसवल्या की प्रश्न मिटला' असं अनेकदा म्हटलं जातं. साठवणूक हवीच, पण ग्रिडची, म्हणजे वीजकेंद्रं आणि ग्राहक जोडणाऱ्या जाळ्याची, खरी गोची पहिल्या काही सेकंदांची असते. एखादा वीजनिर्मिती संच अचानक बंद पडला, तर बाकीच्या औष्णिक-जलविद्युत केंद्रांतले अवजड फिरते रोटर आपल्या जडत्वाने (फिरत राहण्याच्या ओढीने) वारंवारता, म्हणजे विजेच्या आवर्तनांचा ताल, झटकन घसरू देत नाहीत. सौर पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नाही. बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडच्या तालामागे चालतात, स्वतः ताल धरत नाहीत. २०१६ मध्ये राज्यभर वीज गेल्यानंतर (ब्लॅकआउट) दक्षिण ऑस्ट्रेलियाने हॉर्न्सडेल इथली १०० मेगावॉटची बॅटरी तर आणलीच, शिवाय २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. म्हणजे वीज न बनवता, ग्रिडला जडत्व देण्यासाठी नुसती फिरत राहणारी धुडं! मला तरी हे बॅटरीपेक्षा भारी वाटतं.