मदत हवी आहे: आईचं इन्सुलिन सुरू झालंय, ओपीडीतल्या सिस्टरना परत जाऊन विचारलं तर चालतं का?

मयेची_सुमी
नमस्कार. आई ६४ वर्षांची, डिचोलीला असते, मी पणजीला नोकरीला. गोळ्यांनी शुगर आटोक्यात येईना म्हणून दोन आठवड्यांपूर्वी ओपीडीत डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, सकाळी २० युनिट, रात्री १०. आत जेमतेम दोन मिनिटं, मग "बाहेर सिस्टर शिकवतील". बाहेर सिस्टर एकटी, बीपी घेतेय, मधेच नंबर पुकारतेय, त्यात एक आजोबा माझा नंबर आधी होता म्हणून भांडतायत. तिने आईला पोटावर कुठे टोचायचं ते दाखवलं, वेळ लिहून दिली, झालं. तिची चूक म्हणवत नाही (हॉस्पिटलचं नावही घालत नाही), पण आईला अर्धं कळलं आणि मला तेवढंही नाही, कारण मी तेव्हा फार्मसीच्या लायनीत.

उपाशीपोटी शुगर आधी २४०, आता २२८. आई म्हणते औषधात दमच नाही, शेजारची काकी म्हणते सकाळचे उंडे (पाव) बंद कर. पुढची तारीख बारा दिवसांनी. तर मधेच जाऊन फक्त सिस्टरना भेटता येतं का, की परत केस पेपर, परत नंबर? आणि ओपीडीतल्या सिस्टरचं काम नेमकं कुठपर्यंत, काय विचारलेलं चालतं?

फोंड्याचो_बाबू
सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ने गो, उगाच वेळ घालवू नको.

निवृत्त_सिस्टर
बाबू, एवढ्यासाठी बांबोळी कशाला. सुमी, मी ३१ वर्षं नर्स होते, शेवटची ९ ओपीडीत. आधी एक सांग, इन्सुलिनच्या बाटलीवर ४० लिहिलंय की १००, आणि सिरिंजची टोपी कुठल्या रंगाची?

मयेची_सुमी
आईला फोन करून विचारलं. बाटलीवर ४० आययू, टोपी नारिंगी. का?

निवृत्त_सिस्टर
मला वाटलंच. हा आकडा म्हणजे एका मिलीत किती युनिट. नारिंगी टोपीची सिरिंज १०० च्या इन्सुलिनसाठी, ४० च्या बाटलीला लाल टोपी लागते. नारिंगीवर २० च्या रेघेपर्यंत भरलं की ०.२ मिली येतं, म्हणजे या बाटलीतले फक्त ८ युनिट. आईला रोज निम्म्याहूनही कमी जातंय, उंड्यांवर आळ कशाला!

पण आता स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका, नुसती सिरिंज बदलूनही नको, कारण एकदम अडीचपट जाईल. उद्याच जा, आईला घेऊन, तीच बाटली, तीच सिरिंज, तोच कागद. बाराच्या सुमारास गर्दी ओसरते तेव्हा सिस्टरना गाठ. तारीख नाही म्हणून घाबरू नको, पहिलं वाक्य "सिरिंज चुकीची आलीय" हेच बोल, ती स्वतःच डॉक्टरांपर्यंत नेईल.

सिस्टरचं काम विचारलंस म्हणून. बीपी, वजन, ड्रेसिंग, इंजेक्शन, इमर्जन्सीचा ट्रे रोज तपासणं हे सगळं आहेच, पण खरं काम डोळ्यांचं. बाकड्यांवरच्या साठ माणसांत घामाने भिजून छाती धरून बसलेला कोण ते हेरायचं आणि लायन मोडून त्याला आत न्यायचं, मग बाकीचे ओरडले तरी चालेल. डोस ठरवणं तिचं काम नाही. शिकवणं मात्र तिचंच, आणि तेच पहिलं मागे पडतं, कारण बीपी किती जणांचं घेतलं ते रजिस्टरात चढतं, कुणाला किती समजलं ते कुठे चढतच नाही. म्हणून तुम्हीच मागायचं. नुसतं बघून येऊ नका, आईला म्हणावं सिस्टरसमोर स्वतः भरून दाखव. इन्सुलिन गढूळ प्रकारचं असेल तर बाटली तळहातांमध्ये हळूच फिरवायची, घुसळायची नाही. टोचायची जागा रोज थोडी सरकवायची. आणि घाम, थरथर सुटली की शुगर बघायची, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायची. मशीन हाताशी नसेल तर साखर आधी.

फोंड्याचो_बाबू
देवा रे, हे आमच्या बाबांचं पण बघायला हवं. आत्ता जाऊन टोपी बघतो.

मयेची_सुमी
आज जाऊन आलो. सिस्टर तीच होती, सिरिंज बघितल्यावर तिचाच चेहरा उतरला, लगेच आत घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले बरं झालं आलात, पुढच्या वेळी शुगर बघून मी डोस वाढवला असता. आता डोस नव्याने लिहून दिलाय, आधी लिहिलेल्यापेक्षा कमी, लाल टोपीच्या सिरिंजने, आणि चार दिवसांची शुगर लिहून आणायची. आईने सिस्टरसमोर तीनदा भरून दाखवलं, पहिल्यांदा बुडबुड्यासकट! निवृत्त सिस्टर, तुमचे खूप आभार. उरलेल्या नारिंगी सिरिंजांचं काय करू?

निवृत्त_सिस्टर
न फोडलेल्या फार्मसीत परत देऊन बघ, नाही घेतल्या तरी घरात ठेवू नको, घाईत आईच्या हाताला त्याच लागतील. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून आरोग्य केंद्रात द्यायच्या, कचऱ्याच्या पिशवीत नाही, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात.