अनुभव सांगा: जुन्या पिकअपच्या डिफरन्शियलमधून निघालेलं ऑइल काय सांगून गेलं?

इंजिन ऑइलची आठवण सगळ्यांना असते, मागच्या डिफरन्शियलची (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) मात्र गाडी घूं-घूं आवाज करायला लागल्यावरच येते. जुन्या पिकअपचं हे काम ज्यांनी स्वतः केलंय किंवा समोर उभं राहून करून घेतलंय, त्यांनी लिहा. कुठल्या कंपनीचं ऑइल भारी, हा वाद इथे नको. निघालेलं ऑइल कसं होतं आणि त्यावरून काय उमगलं, ते सांगा.

सुरुवात मीच करतो. माझ्या गाडीला ऑइल काढायचा ड्रेन प्लगच नाही, मागचं कव्हर उघडावं लागतं. तरी पहिला हात ऑइल भरायच्या फिलर प्लगला. ऑइल काढून बसलात आणि मग कळलं की फिलर गंजून चिकटलाय, तर गाडी जागची हलवता येत नाही. माझा चिकटलेलाच होता. त्याच्या चौकोनी खाचेत रॅचेटचं टोक थेट बसतं, पण खाच चिखलाने बुजलेली. दाभणाने कोरून काढली, गंजाचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी लांब दांडीला ‘टक्’ करून सुटला. कव्हरचा वरचा एक बोल्ट दोन आट्यांवर ठेवून खालची कड उचकटली, म्हणजे ऑइल अंगावर न येता हळूहळू पाटीत उतरतं. काळंकुट्ट, आणि गंधकाचा तो उग्र दर्प. तो जळल्याचा नव्हे. गिअर ऑइलमधल्या, जबर दाब सोसणाऱ्या अ‍ॅडिटिव्हचा असतो. लोखंडाची झीज धरून ठेवणाऱ्या आतल्या चुंबकावर करडा लगदा होता. बोटांत चोळून पाहिला, कण लागला नाही. एवढी झीज चालायचीच.

चिखलवाट
माझं ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. गाडी नेहमी ओढ्यातून जाते. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं तोंड) तुंबलेला असेल तर सीलच्या फटीतून पाणी ओढलं जातं. ब्रीदरवर मातीचं बूच बसलं होतं. तो साफ करून त्याला नळी जोडली आणि तिचं टोक उंचावर बांधलं. नवं ऑइल थोडं चालवून पुन्हा बदललं, कोपऱ्यांत पाणी राहतंच.

टॉमी
लगदा ठीक, पण माझ्या चुंबकावर सुईसारखे चकचकीत तुकडे होते. गाडी वेगात घूं-घूं करायची. एका गॅरेजात सल्ला मिळाला, ८५डब्ल्यू-१४० हे जाड ऑइल भरा, आवाज दबेल. दबलाही असता! आवाज दाबून बेअरिंग बरं होतं का? उघडायला लावलं, तर पिनियनच्या (इंजिनकडून फिरणाऱ्या लहान गिअरच्या) बेअरिंगला खड्डे. क्राउनचे (त्याने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे) दात मात्र शाबूत होते. आणखी ओढली असती तर तेही गेले असते.

मागची सीट
कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याचा टॅग असेल तर फेकू नका. त्यावर रेशो (गिअरच्या दातांचं प्रमाण) असतो, कधी लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरत फिरू नये म्हणून आत क्लच असलेलं डिफरन्शियल) आहे हेही. माझी गाडी आधीच्या मालकाने ऑइल बदलून दिली होती आणि वळणावर मागून खरखर थरथरायची. टॅग वाचला, मॅन्युअलप्रमाणे फ्रिक्शन मॉडिफायर (ते क्लच न अडखळता सरकावेत म्हणून ऑइलमध्ये मिसळायचं द्रव्य) घातलं, मोकळ्या मैदानात आठच्या आकड्यात सावकाश फिरवली. थांबलं.

टॉमी
टॅगला +१. माझ्यावर ३.७३ आहे, म्हणजे पिनियनला ११ आणि क्राउनला ४१ दात. मोजूनही पाहिले :)

बाबांची हेल्पर
आमच्याकडे हे काम बाबांचं, टॉर्च माझा. ते गाडी आधी फिरवून आणतात, कोमट ऑइल भराभर उतरतं. कव्हरची कड कोरडी होईपर्यंत सिलिकॉन लावू देत नाहीत, आणि लावल्यावर ट्यूबवर लिहिलेला वेळ जाईपर्यंत ऑइल भरू देत नाहीत. भरायचं ते फिलरच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत, आणि गाडी सपाटीवर असताना. नुसतं मागचं टोक जॅकवर असेल तर लेव्हल फसवी येते.

यंदा भोकात करंगळी घातली तर ऑइल लागलंच नाही, आणि कव्हर तर कोरडं ठणठणीत. मग गेलं कुठे? बाबांनी डावं चाक काढलं. ड्रम ओला, ब्रेक शू ऑइलने भिजलेले. अ‍ॅक्सलचा सील गेला होता. मी शू धुऊ का म्हटलं, तर म्हणाले, “मुरलेलं ऑइल धुऊन जात नाही, टाक ते.” सील बदलला, दोन्ही बाजूंचे शू नवे घातले, डिफरन्शियलचं ऑइल त्यानंतर भरलं.