मदत हवी आहे: बिकनेल्स थ्रश की ग्रे-चीक्ड?

मंडळी, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मे महिन्यात दिसणारे हे दोन थ्रश (कस्तुर कुळातले पक्षी) वेगळे कसे ओळखता? १९९५ पर्यंत ते एकच प्रजाती मानले जात. ग्रे-चीक्ड अलास्का, कॅनडा ते सैबेरिया पसरलेला, त्याची फारशी काळजी नाही. बिकनेल्स मात्र आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'असुरक्षित': वीण उत्तर अमेरिकेच्या ईशान्येकडच्या डोंगरमाथ्यांवरच्या फर-स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) जंगलात, हिवाळा मुख्यतः कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर, आणि तिथलं जंगल तुटतंय. म्हणून नोंद अचूक हवी. बिकनेल्सची तांबूस शेपूट, खालच्या चोचीचा जास्त पिवळेपणा वगैरे पुस्तकात ठीक. दाट सावलीत काय कपाळ दिसणार! गाण्याचा शेवट चढता असेल तर बिकनेल्स, उतरता असेल तर ग्रे-चीक्ड, पण स्थलांतराच्या वाटेवरचे पक्षी गातात कुठे? नुसत्या फोटोवरून कुणी खात्रीने ओळखलाय का? की 'दोन्हींपैकी एक' असंच नोंदवू?